आरओचा मेम्ब्रेन कधी बदलायचा? घरच्या घरी कसे तपासाल

राहनाळमधल्या दवाखान्यात पाऊस सुरू झाला की जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात आणि मी प्रत्येकाला विचारतो, "पाणी कुठले पिता?" पूर्वी उत्तर यायचे नळाचे, बोअरिंगचे, टँकरचे. आता बरेच जण सांगतात, "आरओचे, डॉक्टर." हे सांगताना आवाजात असा भाव असतो की पाण्याचा विषय इथेच संपला.

एका पावसाळ्यात गोदामात काम करणारे एक गृहस्थ दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आले. महिन्याभरात तिसऱ्यांदा जुलाब. मी पाण्याबद्दल विचारले तर म्हणाले, "पाण्याचा प्रश्नच नाही. गेल्याच महिन्यात मेम्ब्रेन बदलला, अडीच हजार गेले." मी त्यांना घरी जाऊन मशीनचे झाकण उघडायला आणि फोटो पाठवायला सांगितले. फोटोत नवा कोरा मेम्ब्रेन दिसत होता. त्याच्या शेजारी पाणी साठवायची टाकी होती, तिच्या तळाला बुळबुळीत थर होता आणि यूव्हीचा दिवा बंद होता. टाकी मशीन घेतल्यापासून एकदाही धुतलेली नव्हती. मुलाचे जुलाब त्या टाकीमुळेच झाले असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, लहान मुलांच्या हाताला आणि तोंडाला बरेच काही लागते. पण जिथे लक्ष द्यायला हवे होते तिथे कोणी दिले नव्हते आणि जो भाग बदलला तो बदलण्याची गरज होती का, हे कोणी मोजलेच नव्हते.

दर वर्षी सर्व्हिसवाल्याने सांगितले म्हणून मेम्ब्रेन बदलणारी घरे मी पाहतो आणि सहा-सहा वर्षे एकच मेम्ब्रेन चालवणारी घरेही पाहतो. दोघांनीही मोजलेले नसते. मोजायला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

मेम्ब्रेन नेमके काय करतो

आरओ मशीनमध्ये पाणी आधी सेडिमेंट फिल्टरमधून जाते, तिथे माती-गाळ अडतो. मग कार्बन फिल्टर, तिथे क्लोरीन आणि वास जातो. त्यानंतर पंप ते पाणी दाबाने मेम्ब्रेनवर ढकलतो. मेम्ब्रेन म्हणजे पॉलिअमाइड नावाच्या प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा, नळीभोवती गुंडाळलेला. त्यातून पाणी पार होते, विरघळलेले क्षार बहुतांश मागे राहतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर वेस्टच्या नळीतून बाहेर जातात. चांगला मेम्ब्रेन ९० टक्क्यांहून अधिक क्षार अडवतो.

हा पडदा तीन कारणांनी खराब होतो. पाणी जड असेल तर त्यावर कॅल्शियमचा थर बसतो, बादलीच्या आत पांढरा थर धरतो तसाच. पुढचे फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर गाळ आणि शेवाळी थर साचतो. तिसरे कारण बहुतेकांना माहीत नसते, ते म्हणजे क्लोरीन. क्लोरीनने हा पडदा झिजतो आणि त्याला वाचवणारा एकमेव पहारेकरी कार्बन फिल्टर असतो. पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडरचा डोस वाढवते, जे योग्यच आहे. पण त्याच महिन्यांत तुमचा जुना कार्बन फिल्टर दम तोडतो आणि मार मेम्ब्रेनला बसतो. म्हणून शंभर-दोनशे रुपये वाचवायला कार्बन फिल्टरची मुदत लांबवू नका. पावसाळा संपल्यावर तो बदलणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

आधी आपले पाणी ओळखा

भिवंडी तालुक्यातल्या अनेक गावांना 'स्टेम'चे पाणी येते, म्हणजे उल्हास नदीतून उचलून शुद्ध केलेले. सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या नद्या-धरणांच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. मात्र आपल्या भागात एका घरात एकच पाणी येते असे नाही. चाळीत नळाला पाणी कमी आले की बोअरिंग सुरू होते, मे महिन्यात टँकर येतो, आणि तिन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते. बोअरिंगच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट असू शकतो.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतो. तुमच्या घरी वर्षभर फक्त नळाचे पाणी येत असेल आणि त्याचा टीडीएस शे-दोनशेच असेल, तर मेम्ब्रेन बदलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : आपल्याला आरओ लागतो का? अशा पाण्यात धोका क्षारांचा नसतो, जंतूंचा असतो. त्यासाठी उकळणे किंवा चांगले यूव्ही मशीन पुरते आणि वेस्टचे पाणीही गटारात जात नाही. मी स्वतः नळाच्या पाण्यावर आरओ घ्यायला कोणाला सांगत नाही.

मोजायचे कसे

टीडीएस मीटर पेनासारखा असतो, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. शेजारच्या चार घरांत मिळून एक घेतला तरी भागते. सर्व्हिसवाल्याच्या मीटरवर विसंबण्यापेक्षा आपला बरा.

मशीन रात्रभर बंद होते आणि सकाळचा पहिला ग्लास मोजला तर आकडा हमखास जास्त येतो. पंप थांबल्यावर क्षार हळूहळू पडद्यातून पलीकडे झिरपतात, चांगल्या मेम्ब्रेनमध्येसुद्धा. नेमक्या अशा वेळी मोजून "बघा साहेब, गेला तुमचा मेम्ब्रेन" म्हणणारे लोक आहेत. म्हणून टाकीतले थोडे पाणी काढा, मशीन दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, मग मोजा.

पाणी दोन ठिकाणचे घ्यायचे. एक, मशीनमध्ये जाणारे, त्याच वेळी त्याच नळाचे, कालच्या हंड्यातले नाही. दुसरे, थेट मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या बारीक नळीचे. मशीनच्या तोटीचे पाणी घेतले तर फसाल, कारण बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. तो थोडे पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून पुढे सोडतो, चव यावी म्हणून. काही मशीनमध्ये पुढे मिनरलचे कार्ट्रिजही असते, त्यानेही आकडा वाढतो. नळी कुठली ते कळत नसेल तर सर्व्हिसवाल्याला सांगा, "मेम्ब्रेनच्या आउटलेटचे पाणी माझ्यासमोर ग्लासात घ्या." ज्याला काम येते त्याला हे एका मिनिटाचे आहे.

आता हिशोब. आत जाणाऱ्या आकड्यातून बाहेर येणारा वजा करा, उरलेल्याला आत जाणाऱ्याने भागा, शंभरने गुणा. मेम्ब्रेन किती टक्के क्षार अडवतो ते मिळाले.

समजा बोअरिंगचे पाणी ९०० आहे आणि मेम्ब्रेनचे १०८. आकडा ऐकून घाबरायला होते, पण ९०० पैकी ७९२ अडवले म्हणजे ८८ टक्के. हा मेम्ब्रेन चालू द्या. दुसऱ्या घरी नळाचे पाणी १८० आणि मेम्ब्रेनचे ४५. आकडा छान दिसतो, पण अडवले फक्त ७५ टक्के. हा मेम्ब्रेन थकला आहे. याच घरात उद्या टँकरचे १००० टीडीएसचे पाणी आले तर प्यायच्या पाण्यात २५० च्या आसपास क्षार उतरतील. म्हणून नुसत्या बाहेरच्या आकड्याला काही अर्थ नाही, तुलना हवी.

माझा अंदाज असा ठेवतो : ८५ टक्क्यांच्या वर असेल तर बदलू नका. ८० ते ८५ असेल तर दर महिन्याला मोजत रहा. ८० च्या खाली गेला आणि दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तेच आले, तर बदला. आत जाणारे पाणीच १०० च्या खाली असेल तर हा हिशोब फार ताणू नका, स्वस्त मीटरची चूकच त्यात मोठी ठरते.

मोजण्यासाठी महिना निवडायचा असेल तर एप्रिल-मे निवडा. पावसाळ्यात विहिरी-बोअरिंगचे पाणी पातळ होते, आत येणारा टीडीएस घसरतो आणि कमजोर मेम्ब्रेनचा आकडाही गोंडस दिसतो. उन्हाळ्यात तो उघडा पडतो.

पाणी हळू येते, चव बदलली, मशीन भराभर भरते

पाणी हळू येते म्हणजे मेम्ब्रेन गेला, असे सरसकट नसते. एक लिटरची बाटली मेम्ब्रेनच्या नळीखाली धरून घड्याळ लावा. घरगुती मशीनमध्ये बहुधा ७५ गॅलनचा मेम्ब्रेन असतो, कागदावर तो तासाला सुमारे १२ लिटर देतो, म्हणजे पाच मिनिटांत एक लिटर. प्रत्यक्षात पाण्याचा दाब आणि क्षार यांमुळे सहा-आठ मिनिटे लागतात, थंडीत आणखी थोडी. नवा बसवल्यावर किती लागली ते लिहून ठेवा. पुढे कधी दुप्पट वेळ लागायला लागला तर आधी सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर बदला. तरी फरक पडला नाही तर पंपाचा दाब तपासायला सांगा. मेम्ब्रेनचा नंबर त्यानंतर.

उलटही होते आणि ते जास्त फसवे आहे. मशीन अचानक पूर्वीपेक्षा भराभर भरायला लागले म्हणून खूश होऊ नका. क्लोरीनने झिजलेला पडदा पाणी जास्त सोडतो आणि क्षारही. अशा वेळी लगेच टीडीएस मोजा. आकडा हळूहळू न चढता एका दिवसात उडी मारून वर गेला असेल तर मेम्ब्रेनच्या डब्यातली रबरी रिंग सरकली किंवा तुटली असण्याचीही शक्यता असते. ती काही रुपयांची असते, ती आधी बघायला सांगा.

टाकी भरल्यावरही वेस्टची नळी वाहतच राहिली तर दोष सोलेनॉइड व्हॉल्व्हचा असतो, मेम्ब्रेनचा नव्हे. चव खारट लागली तर ती खूण खरी आहे, पण उशिराची. रोज तेच पाणी पिणाऱ्याच्या जिभेला हळूहळू होणारा बदल कळत नाही. पाहुणा आला की तो सांगतो.

आणि ग्लासात दोन सळ्या बुडवून, वीज सोडून, पाणी तपकिरी करून दाखवणारा विक्रेता दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो रंग सळीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळी गंजते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून ते स्वच्छ राहते. घाण बिण काही नसते.

टीडीएस कमी म्हणजे पाणी सुरक्षित नव्हे

टीडीएस मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. ज्या पाण्याने कावीळ किंवा टायफॉइड होतो त्याचा टीडीएस ६० असू शकतो.

२०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस-ई काविळीची मोठी साथ आली होती. आपल्यासारखेच यंत्रमागाचे, दाट वस्तीचे गाव. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने तिथले पाणी तपासले. जारमधून पाणी विकणाऱ्या खासगी आरओ प्रकल्पांपैकी काहींचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचे आढळले आणि अशा प्रकल्पांवर कारवाई झाली. पाणी आरओचेच होते.

असे का होते? अखंड मेम्ब्रेनमधून जीवाणू-विषाणू सहसा पार होत नाहीत. पण घरगुती मशीनमध्ये रिंग सैल असते, कंट्रोलरचा स्क्रू कच्चे पाणी पुढे सोडत असतो, आणि कार्बन फिल्टरने क्लोरीन आधीच काढून टाकलेला असतो. त्यामुळे पुढच्या टाकीत जंतू वाढायला मोकळे रान मिळते. टाकी दर दोन-तीन महिन्यांनी रिकामी करून धुवून घ्या. यूव्हीचा दिवा साधारण वर्षाने बदला. तो निळा दिसतो म्हणून काम करतो असे नाही, प्रकाश उरतो आणि जंतू मारण्याची ताकद संपलेली असते. गच्चीवरची टाकीही यातच आली.

पाण्यात जंतू आहेत का हे पाहायचे असेल तर ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे चौकशी करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले जातात. बोअरिंगचे पाणी पीत असाल तर त्यात नायट्रेटही तपासून घ्या. मानकाप्रमाणे ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होऊन बाळ निळसर पडू शकते. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढते. ज्या घरात असे बाळ आहे आणि पाणी बोअरिंगचे आहे, तिथे मेम्ब्रेनचा हिशोब टाळू नका. कंट्रोलरचा स्क्रूही पूर्ण बंद करून घ्या. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर त्याला पाण्याची गरजच नाही.

"मेम्ब्रेन नाही बदलला तर किडनी जाईल" हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून अनेकदा ऐकतो, ते सर्व्हिसवाल्याने सांगितलेले असते. थकलेल्या मेम्ब्रेनमुळे थोडे जास्त क्षार पोटात गेले म्हणून निरोगी माणसाची किडनी जात नाही. मुतखड्यासाठीही पाणी किती पिता हे जास्त महत्त्वाचे. उलट टीडीएस दहा-वीसवर आणण्याचा हट्टही नको. कॅल्शियम-मॅग्नेशियम आपल्याला मुख्यतः जेवणातून मिळते हे खरे, पण असतील ते क्षार मुद्दाम शून्यावर नेण्यात फायदा काही नाही.

बदलताना

मेम्ब्रेन तुमच्यासमोर सीलबंद पिशवीतून काढायला सांगा. जुना कापून किंवा मोडून टाका, नाहीतर तोच धुवून दुसऱ्या घरी बसतो. बसवणाऱ्याने हात साबणाने धुतले पाहिजेत, हे सांगायला संकोच करू नका, मी दवाखान्यात धुतो तसेच. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर त्याच वेळी नवे घाला, टाकी धुवा, आणि पहिल्या दोन टाक्या भरून ओतून द्या. मग मोजा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून तारीख, आतला आकडा, बाहेरचा आकडा आणि एक लिटरला लागलेली मिनिटे लिहा. पुढच्या वेळी कोणी काही सांगितले तर त्या कागदाशी ताडून बघता येते. नव्या मेम्ब्रेनने ९० टक्केही अडवले नाहीत तर त्याच दिवशी परत करा.

मशीन दुरुस्त होईपर्यंत

पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळणे शक्य नसेल तर आशाताईंकडे मिळणारे मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा.

जुलाब सुरू झालेच तर ओआरएस लगेच सुरू करा, मशीनचा दोष नंतर शोधू. मूल पाणी पीत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, शौचात रक्त असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर वाट न बघता दाखवा. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद पिवळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण हिपॅटायटिस-ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो.

त्या गोदाम कामगाराच्या घरी टाकी धुतली गेली, यूव्हीचा दिवा बदलला, मुलाला ओआरएस आणि झिंक दिले. जुना मेम्ब्रेन कचऱ्यात गेला होता, त्यामुळे तो खरोखर संपला होता की नाही हे आता कळणार नाही. नव्याचा आकडा मात्र त्यांनी मोजला : आत ६४०, बाहेर ३८.